आपली मॅच कधी हाय?

आमच्याकडं हळदीला मांडवात माणसं जमली की कोणी ना कोणी म्हणणारच, "ज्ञाना, ती कोंडूची सांग." मी आधी थोडे आढेवेढे घ्यायचो, मग सांगायचो. मला चांगली सांगता येते. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं, सगळं पाठ होतं.

गोष्ट अशी. नव्याण्णव साल. मुरबाडकडच्या एका गावात कबड्डीचे सामने. भात काढून रिकामं झालेलं शेत आणि बांधावर मोठं उंबराचं झाड. मी कॅप्टन, कोंडू आमचा चढाईचा गडी. सकाळची सेमीफायनल आम्ही मारली, पण शेवटच्या चढाईत कोंडू असा आपटला की डोकं थेट सुकलेल्या ढेकळांवर. त्याला उंबराखाली आणला, नाकाला कांदा लावला, डोक्याला पंचा आवळला. मी विचारलं, "गाव कुठला?" त्यानं सांगितलं. "आयचा नाव काय?" तेही सांगितलं. मग गडी पाणी प्यायला, माझ्याकडं बघितलं आणि एकदम भोळ्या चेहऱ्यानं म्हणाला, "ज्ञाना, आपली मॅच कधी हाय रे?"

इथं मी थांबायचो. मांडव हसून लोटपोट. हसू जरा ओसरलं की मी पुढचं सोडायचो, "आणि तासाभरानं हाच पठ्ठ्या फायनल खेळला, हाच जिंकून आला, आणि कप हातात घेऊन परत मलाच इचारतो, मॅच कधी हाय!"

कोंडू समोरच बसलेला असायचा. तोही हसायचा, फक्त जरा उशिरा.

त्याच्या पुढचं मी मांडवात सांगत नसे. फायनलमध्येही त्याच्या डोक्याला एक गुडघा लागला होता. येताना टेम्पोत तो ओकला आणि झोपला, तो तीन दिवस नीट जागाच झाला नाही. त्याच्या आईनं, धोंडीबाईनं, भगत आणला. भगतानं तांदूळ टाकून बघितले आणि सांगितलं, त्या बांधावरच्या उंबरातलं लागलंय. कोंडू वाचला, पण पहिला कोंडू राहिला नाही. डोकं धरून बसायचा, आठवड्याचा वार विसरायचा, वाऱ्यासारखा पळणारा गडी म्हाताऱ्यासारखा चालायला लागला. ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून दर माघात धोंडीबाई त्या उंबराला कोंबडा देऊन येते, आणि तिला मोटारसायकलवरून नेतो कोण, तर मी. त्याबद्दल गावात माझं नाव होतं. मित्र असावा तर ज्ञानेश्वरसारखा, असं म्हणायचे.

आता यंदाचं सांगतो.

मी भातसानगरला धरणावर कामाला आहे आणि घर शेणव्याच्या पुढं, आमच्या गावात. सुट्टीच्या दिवशी गावातल्या मुलींना कबड्डी शिकवतो. माझी मुलगी अक्षदा वीस वर्षांची, डावा कोपरा सांभाळते. तिनं एकदा घोटा धरला की सुटत नाही. पोलीस भरतीचा फॉर्म भरलेला, फेब्रुवारीच्या शेवटी ग्राउंड, त्यात आठशे मीटर धावायचं. ती धावायची आणि मी घड्याळ धरून ओरडायचो. माझं ओरडणं अख्ख्या शेणव्याला माहीत आहे.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. सामने आमच्याच गावात, दुपारची वेळ. आमच्या टीमच्या पिशवीत बँडेज नसेल एखाद्या वेळी, पण कांदा असतोच. तो चिरून ठेवायचं आणि पाण्याचा कॅन भरायचं काम कोंडूचं. सव्वीस वर्षं तो आमच्या रेषेमागं कांदा आणि सुरी घेऊन बसतो.

शेवटची पाच मिनिटं, आम्ही दोन गुणांनी मागं. समोरची चढाईला आलेली पोरगी दांडगी होती. अक्षदानं तिचा घोटा धरला, पोरीनं पाय झटकला, आणि तिचा गुडघा अक्षदाच्या कानशिलावर बसला. अक्षदा मागं पडली. डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. दोन क्षण ती पडून राहिली, मग उठून बसली.

मी टाइम घेतला. तिला बाहेर आणली. कांदा लावला, पाणी मारलं, डोक्याला पंचा आवळला. सगळं ठरल्याप्रमाणं.

"गाव कुठला?"

सांगितलं.

"आयचा नाव?"

"संजीवनी."

"झाला मग. चल, ऊठ. डावा कोपरा सोडायचा नाय."

ती उठली. पंचा नीट केला, मैदानाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, आपली मॅच कधी हाय?"

मुली खो खो हसल्या. लहानपणापासून प्रत्येकीनं ही गोष्ट हळदीत ऐकलेली. त्यांना वाटलं, अक्षदा कोंडूकाकाची नक्कल करतेय. आणि मी? मीही हसलो. खोटं कशाला बोलू. माझ्या पोरीच्या डोळ्यांत काही ओळख उरली नव्हती आणि मी हसलो, इतकी सवय झाली होती मला त्या वाक्यावर हसायची.

हसला नाही तो कोंडू. त्यानं सुरी खाली ठेवली, चालत आला आणि अक्षदाचं मनगट धरलं.

"कोंड्या, सोड तिला. टाइम चाललाय," मी म्हणालो.

"नाय."

"सोड बोलतो ना!"

"नाय सोडनार. ती मस्करी नाय करत. बघ तिच्याकडं."

पंचांनी शिट्टी वाजवली. माझं डोकं तापलं. मी कोंडूच्या छातीला हात लावून त्याला मागं ढकलला. तो दोन पावलं हेलपाटला, पण मनगट सोडलं नाही. अक्षदा त्याच्या हाताला धरून हळूच खाली बसली, जणू तिला बसायलाच सांगितलं होतं.

"ज्ञाना," कोंडू म्हणाला, "मी पन हाच इचारलेला ना?"

"तुला कसा आठवतं?"

"मला कुठं आठवतं? तू सांगतोस ना."

माझ्या अंगावर कोणी धरणाचं पाणी सोडलं असतं तरी मी इतका गारठलो नसतो. मी अक्षदासमोर बसलो. विचारलं, "आता कोन चढाईला आलेली? आपले गुन किती?" ती विचार करायला लागली. तिचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हते. गाव तिला माहीत होतं, आई माहीत होती. गेल्या अर्ध्या तासातलं मात्र तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मुली हसायच्या थांबल्या.

बदली मुलगी उतरवली आणि सामना हरलो. किती गुणांनी, ते मी विचारलंही नाही.

जीपमध्ये ती एकदा ओकली. एका बाजूला संजीवनी, दुसऱ्या बाजूला कोंडू, आणि मी पुढं बसून ड्रायव्हरवर ओरडत होतो. टेम्पोतली ती ओकारी मला आठवत होती. तेव्हाही मी पुढंच बसलो होतो आणि कप माझ्या मांडीवर होता.

शहापूरला दवाखान्यात डॉक्टर समीक्षा म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय ढकलायला लावले, पाच शब्द सांगून परत विचारले. अक्षदाला दोन आठवले. कल्याणला स्कॅन करून आणायला लावलं. परत शहापूरला आल्यावर बाईंनी तो बघितला, स्कॅन स्वच्छ होता, आणि मी तिथंच देवाला हात जोडले.

"म्हंजे काय नाय ना, मॅडम? उद्यापासून पळाली तर चालंल?"

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी खुर्चीत सरळ झालो.

"दही लावता ना घरी? विरजण लावलेलं भांडं कोणी हलवलं तर भांड्याला तडा जात नाही, पण आतलं बिघडतं. स्कॅनमध्ये भांडं दिसलं. ते शाबूत आहे. आतलं हललंय, ते स्कॅनमध्ये दिसत नाही. ते लागेपर्यंत भांडं हलवायचं नाही."

मग त्यांनी कागद घेतला आणि लिहायला लागल्या. पहिले दोन दिवस आराम. मोबाईल, टीव्ही, मोठे आवाज नकोत. झोपू द्यायचं. डोकेदुखी वाढत गेली, परत परत उलटी झाली, बोलणं अडखळलं, झटका आला, उठवूनही उठत नाही असं झालं, तर एक मिनिट न थांबता आणायचं. दोन दिवसांनी घरातली हलकी कामं, थोडं चालणं. मग भरभर चालणं. मग हळू धावणं. मग पूर्ण धावणं. मग एकटीचा सराव, कोणाचा धक्का न लागता. कबड्डी सगळ्यात शेवटी, तीही त्यांनी तपासून हो म्हटल्यावर. एका पायरीवर निदान एक अख्खा दिवस. डोकं वाढून दुखलं, गरगरलं, तर थांबायचं आणि एक पायरी खाली यायचं.

"आणि दुसरा फटका बसता कामा नये," त्या म्हणाल्या. "हे बरं व्हायच्या आधी तर अजिबात नाही."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "मॅडम, समजा एखादा त्याच दिवशी परत खेळला, तर?"

"कोण खेळलं?"

"नाय, असाच इचारतो."

"त्याच दिवशी दुसरा मार बसला तर मेंदू सुजू शकतो. काही माणसं दगावतात. काही वाचतात, पण पहिल्यासारखी होत नाहीत. डोकं दुखत राहतं, विसरायला होतं, चाल मंदावते, काम जमत नाही, चिडचिड होते. घरच्यांना वाटतं माणूस बदलला. काही काही ठिकाणी तर बाहेरचं लागलं म्हणून भगताकडं नेतात."

त्या बाईंनी कोंडूला कधी बघितलं नव्हतं. तो बाहेर बाकावर बसला होता, बोटांना अजून कांद्याचा वास. आणि त्या आत बसून एकेक करून त्यालाच सांगत होत्या. मी खुर्चीचा दांडा धरून ठेवला.

बाहेर आलो. कोंडू म्हणाला, "काय बोलली डाक्टरीन?"

"आराम सांगितलाय."

"बरा केला." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझा तोंड असा काय झाला?"

मी जीप बघायला वळलो. मैदानात चाळीस माणसांसमोर ओरडणारा मी, आणि एका बाकासमोर माझी वाचा बसली.

त्यानंतर मी जे केलं ते ऐकून तुम्हीही मला शिव्या घाला. भीतीनं मी दुसऱ्या टोकाला गेलो. खिडकीला संजीवनीच्या जुन्या साड्या लावल्या, खोली अंधारी केली. मोबाईल कुलपात. मैत्रिणींना दारातून परत पाठवलं. उंबरठ्याबाहेर पाय ठेवायचा नाही. दोन दिवस लिहिलेले, मी नऊ दिवस केले. मला वाटलं, जितका आराम तितकं चांगलं. भांड्याला हातच लावायचा नाही म्हटल्यावर मी भांड्यावर पहाराच बसवला. संजीवनी म्हणायची, "अवो, पोरगी सुकत चालली." मी तिच्यावरही ओरडायचो, पण हळू आवाजात, कारण मोठे आवाज नकोत असं लिहिलं होतं.

नवव्या दिवशी अक्षदा रडायला लागली. कारण काहीच नव्हतं, नुसती रडत होती. मी घाबरून तिला शहापूरला नेली. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला असं झापलं की बाहेरचे पेशंट बघायला लागले.

"दोन म्हणजे दोन! अंधाऱ्या खोलीत नऊ दिवस कोणालाही ठेवा, धडधाकट माणसाचंही डोकं दुखेल. मेंदूला आराम पाहिजे, कोंडवाडा नको. उद्यापासून चालवा तिला. रोज थोडं. गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं. तुम्ही नका जाऊ बरोबर, तुम्ही पळवाल."

हे मात्र त्यांनी माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं असणार.

मग बरोबर कोण जाणार? संजीवनीला घरचं, मुली धावणाऱ्या. गावात हळू चालणारा माणूस एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडू दारात हजर, अंगात इस्त्रीचा शर्ट. इतक्या वर्षांत टीमनं त्याला कांद्याशिवाय दुसरं काम दिलं नव्हतं.

ती दोघं कालव्याच्या रस्त्यानं जायची. मी लांबून बघायचो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी पंधरा. कोंडू हातातल्या घड्याळाकडं बघत चालायचा आणि वेळ झाली की बैलाला थांबवावं तसा "हो" करायचा. ती थांबायची. माझं ऐकून ती कधी इतक्या लगेच थांबली नव्हती. कागद मी भिंतीवर कॅलेंडरच्या बाजूला चिकटवला होता. झालेल्या पायरीवर अक्षदा पेनानं खूण करायची, आणि कोंडू तिच्यामागं उभा राहून तो कागद वाचायचा. दहावी शिकलेला आहे तो. वाचता येतं, फक्त वेळ लागतो. सगळा कागद, वरपासून खालपर्यंत, रोज.

मी रोज ठरवायचो, आज सांगायचं. संध्याकाळी त्याच्या घरी जायचो. धोंडीबाई चहा ठेवायची, म्हणायची, "ज्ञाना, अक्षदाला लिंबू उतरवला का रे?" मी म्हणायचो, उतरवला. चहा प्यायचो आणि परत यायचो. लाज म्हणजे काय ते मला त्या कपात कळलं, पण तोंड उघडलं नाही.

हळू धावायच्या पायरीवर चौथ्या दिवशी दोघं लवकर परत आली. कोंडू सरळ माझ्याकडं आला. अक्षदा मागून म्हणत होती, "काका, नका ना सांगू."

"हिचा डोका दुखतंय. परवापासून. मला बोलली, बाबांना नको सांगू, ग्राउंड जवळ आलाय."

"कोंडूकाका!"

"बोल गो मला काय बोलायचा ते." कोंडू तिला म्हणाला. "पन मी नाय गप बसनार."

अक्षदा माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असेल, बाबा म्हणतील, थोडं दुखतंच, दात आवळ. आधीचा मी तेच म्हणालो असतो. ग्राउंडला तीन आठवडे होते. ती दोन वर्षं या एका दिवसासाठी पहाटे उठत होती. मी भिंतीजवळ गेलो आणि हळू धावण्यावरची तिची खूण खोडली.

"एक पायरी खाली," मी म्हणालो. "उद्या चालायचा. भरती परत येते. डोका परत नाय येत."

ती रडली, पण डॉक्टरबाईंसाठी रोजचं लिहायच्या वहीत त्या दिवशी डोकं किती दुखतं ते खरं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, बरोबर केलं. चार दिवस चालणं, मग परत हळू धावणं. या खेपेला दुखलं नाही. मग जरा जास्त, मग पूर्ण. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंनी तिला तपासून धावायला मोकळं केलं, कबड्डीला अजून महिनाभर नाही म्हणाल्या. मी हो म्हटलं. डॉक्टरांना पहिल्या झटक्यात हो म्हणायची माझी ही पहिलीच वेळ.

आणि माघी पौर्णिमेच्या सकाळी अक्षदानं कालव्यावर आठशे मीटर पुरं केलं. घड्याळ कोंडूच्या हातात होतं. तिच्या जुन्या वेळेपेक्षा चार सेकंद जास्त लागले. धावून आली, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. मी जवळ जाऊन विचारलं, "डोका?"

"काही नाही बाबा. एकदम साफ."

"आपली मॅच कधी हाय?"

"माझी मॅच मार्चमध्ये, डॉक्टर हो म्हणाल्या तर. आणि ग्राउंड सव्वीस तारखेला." ती हसली. "सगळं आठवतंय मला."

मला हुंदका आला, आणि मी तो येऊ दिला.

आम्ही तिघं घरी आलो तर अंगणात धोंडीबाई बसलेली. नवं लुगडं, बाजूला टोपली, टोपलीत पाय बांधलेला कोंबडा.

"कवापासून बसलंय. ज्ञाना, गाडी काढ. ऊन व्हायच्या आत उंबराला जाऊन येऊ. यंदा अक्षदाचा पन सांगायचाय, पोरगी वाचली."

मी आत गेलो, किल्ली घेतली. बाहेर आलो. गाडी स्टँडवरून उतरवली. म्हातारी टोपली उचलून उभी राहिली, पंचाहत्तर वर्षांची, मागं बसायला माझ्या खांद्यावर हात ठेवला तिनं. तो हात ठेवला आणि माझ्याच्यानं पुढं होईना.

"काकी," मी म्हणालो, "उंबरात काय नाय."

"काय बोलतोस?"

"उंबरात कवाच काय नव्हता. कोंडूच्या डोक्याला मार लागलेला. सकाळच्या मॅचला. त्याला झोपवायचा व्हता, दवाखान्यात न्यायचा व्हता. तो मला इचारत व्हता मॅच कधी हाय, म्हंजे डोका ठिकाणावर नव्हता त्याचा. आमी हसलो. आनि मी त्याला परत उतरवला. दुसरा मार बसला. नक्की कोन सांगू नाय शकत इतक्या वर्सांनी. पन मला माहीत हाय, काकी. मी केला ते."

ती ऐकत राहिली. एकदा कोंडूकडं बघितलं, एकदा टोपलीकडं. संजीवनी दारात हात पुसता पुसता तशीच थांबलेली.

"तुला कवापासून ठावं हाय ह्या?" धोंडीबाई म्हणाली.

"महिना झाला."

"आनि महिनाभर तू माज्या घरात च्या पीत व्हतास."

मी मान खाली घातली. तिनं माझ्या खांद्यावरचा हात काढला. खाली बसली आणि कोंबड्याच्या पायाची दोरी सोडायला लागली. गाठ सुटत नव्हती. अक्षदा पुढं झाली, तिलाही तिनं दूर केलं. शेवटी दातांनी सोडवली. कोंबडा दोन उड्या मारून गोठ्याकडं गेला. धोंडीबाईनं रिकामी टोपली काखेत घेतली आणि माझ्याकडं न बघता घराच्या वाटेला लागली. सव्वीस वर्षं त्या झाडासमोर हात जोडलेली बाई ती. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कोंडू मात्र गेला नाही. तो घरात शिरला. मी मागोमाग गेलो. तो भिंतीवरच्या कागदासमोर उभा होता, रोजच्यासारखा. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं त्यानं.

"ही पैली पायरी. आराम. हिला दोन दिवस सांगितलेले, तू नऊ दिलेस."

"हो."

"मंग चालायचा, मंग पळायचा. सगला धरून हिला महिना दिला."

"हो."

"मला किती दिलेला?"

मला माहीत होतं. मांडवात प्रत्येक वेळी मी ते सांगितलं होतं. त्यावर तर जास्त हसू यायचं.

"एक तास," मी म्हणालो.

"एक तास," कोंडू म्हणाला. कागदावरचं बोट तसंच होतं. मागं अक्षदा रडत होती, आणि मी खाली जमिनीवर बसलो. पाया पडू का त्याच्या, काय करू, काही सुचत नव्हतं. "कोंडू, उद्या शहापूरला जाऊ. त्या डाक्टरकडं. तुला दाखवू."

"जाऊ." तो वळला. रागावलेला दिसत नव्हता, पण इतकी वर्षं मी त्याच्याकडं नीट बघितलं तरी कुठं होतं की मला त्याचा राग ओळखता यावा? "येत्या हळदीला लोकं तुला सांगतील, ज्ञाना, ती कोंडूची सांग."

"नाय सांगनार. परत कवाच नाय. शपथ."

"नाय, सांग ना," कोंडू म्हणाला. "पन आता पुरी सांग."

मग तो आईच्या मागं निघाला. म्हातारी वळणापर्यंत पोचली होती. त्याला तिला गाठता येईना, तो आपला हळूहळू चालत राहिला.